सामाजिक धोरण : विद्यापीठीय अध्ययन

नागरिकांचे उत्पन्न, आरोग्य, शिक्षण, निवारा व रोजगार, तसेच बालके, वृद्ध, आजारी व अपंग यांची निगा यांसंबंधी राज्यसंस्था आणि इतर सामाजिक संस्था जे निर्णय घेतात व त्यांसाठी जी व्यवस्था उभारतात, त्यांस समुच्चयाने सामाजिक धोरण असे म्हणतात. या धोरणांचा उगम, त्यांमागील तत्त्वे, त्यांची अंमलबजावणी व परिणाम यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी विद्यापीठीय ज्ञानशाखाही याच नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रेट ब्रिटनमध्ये तिला स्वतंत्र स्थान मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा विस्तार झाला. समाजाच्या साधनसंपत्तीपैकी कोणाला काय मिळते, कोणत्या निकषावर मिळते, त्याचा भार कोण उचलतो आणि ज्याच्यासाठी योजना आखली त्याच्यापर्यंत ती पोहोचते किंवा नाही, हे या अध्ययनाचे मूलभूत प्रश्न होत. यांपैकी शेवटचा प्रश्न वरकरणी साधा वाटला, तरी या शाखेचे वेगळेपण त्यातच आहे. कारण कायद्याचा मजकूर किंवा अंदाजपत्रकातील तरतूद पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी व्यवस्थेकडे लाभार्थीच्या बाजूने पाहावे लागते.

व्याप्ती : सामाजिक धोरण ही शाखा विशिष्ट पद्धतीपेक्षा विशिष्ट विषयवस्तूमुळे ओळखली जाते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, इतिहास व तत्त्वज्ञान यांच्या साहाय्यानेच तिचे काम चालते. उदा., वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न घेतल्यास त्यासाठी लागणारा निधी कसा उभारावा, याचा विचार अर्थशास्त्र करते. कुटुंबाची रचना बदलल्यामुळे वृद्धांचा आधार कसा बदलतो, हे समाजशास्त्र दाखविते. तर त्यासंबंधीचा कायदा कोणत्या हितसंबंधांच्या संघर्षातून घडला, हे राज्यशास्त्र सांगते. सामाजिक धोरणाचा अभ्यासक ही सर्व माहिती एकत्र आणतो आणि आयुष्यभर शेतमजुरी केलेल्या, परंतु कोणत्याही मालकाच्या नोंदवहीत नाव नसलेल्या वृद्ध स्त्रीला त्या योजनेतून प्रत्यक्षात काय मिळेल, असा प्रश्न विचारतो.

समाजकार्य व सामाजिक धोरण यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला असला, तरी त्यांत भेद केला जातो. समाजकार्य हा व्यक्ती, कुटुंब व समूह यांना प्रत्यक्ष साहाय्य करणारा व्यवसाय असून त्याच्या शिक्षणात कार्यकौशल्याला प्राधान्य असते. ज्या नियमांच्या व संस्थांच्या चौकटीत हे साहाय्य दिले जाते, ती चौकट सामाजिक धोरण तपासते.

पूर्वपीठिका : इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या साहाय्याची जबाबदारी स्थानिक धर्मपरगण्यांवर टाकली होती. १८३४ च्या सुधारित कायद्याने साहाय्याचे नियम अधिक कठोर केले. साहाय्य घेणाऱ्याची स्थिती ही स्वतंत्रपणे कष्ट करून पोट भरणाऱ्या सर्वांत हलाखीतील मजुरापेक्षाही वाईट असावी, हे या कायद्याचे तत्त्व होते. त्यानुसार काम करू शकणाऱ्या गरिबाला साहाय्य हवे असल्यास त्याने श्रमगृहात दाखल व्हावे, अशी व्यवस्था करण्यात आली. दारिद्र्य हे मुख्यतः आळस, व्यसन व दूरदृष्टीचा अभाव यांतून उद्भवते, असे गृहीत या व्यवस्थेच्या मुळाशी होते. लंडनमध्ये १८६९ साली स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने विखुरलेल्या दानधर्माला शिस्त लावली व प्रत्येक अर्जदाराची चौकशी करण्याची पद्धत रूढ केली. मात्र साहाय्यास ‘पात्र’ व ‘अपात्र’ असा गरिबांचा भेद तिनेही कायम ठेवला.

या गृहीताला पहिला धक्का सामाजिक पाहण्यांनी दिला. चार्ल्‌स बूथ (१८४०–१९१६) यांनी १८८६ पासून लंडनमधील लोकांच्या राहणीची व कामाची विस्तृत पाहणी केली. तीत लंडनची सु. ३० टक्के लोकसंख्या दारिद्र्यात असल्याचे आढळले. सीबोम राउनट्री (१८७१–१९५४) यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी करून १९०१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार तेथील सु. २८ टक्के लोक दारिद्र्यात होते. केवळ शारीरिक कार्यक्षमता टिकविण्यापुरतेही ज्यांचे उत्पन्न पुरत नाही, अशांची त्यांनी वेगळी गणना केली आणि अशा कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांच्या हलाखीचे कारण नियमित काम असूनही मिळणारी अपुरी मजुरी हे आहे, असे दाखविले. नियमित काम करणारा माणूसही दरिद्री राहत असेल, तर दारिद्र्याचे मूळ त्याच्या स्वभावात शोधता येणार नाही, हा या आकडेवारीचा अर्थ होता.

यूरोपात अन्यत्रही हा विचार सुरू होता. जर्मनीत अर्थशास्त्रज्ञांनी १८७३ मध्ये सामाजिक धोरणाच्या अभ्यासासाठी एक परिषद स्थापन केली. बिस्मार्कच्या कारकिर्दीत तेथे आजार (१८८३), अपघात (१८८४), तसेच वार्धक्य व अपंगत्व (१८८९) यांसाठी सामाजिक विम्याचे कायदे झाले. ब्रिटनमध्ये गरिबांविषयीच्या कायद्यांची तपासणी करण्यासाठी १९०५ साली नेमलेल्या शाही आयोगात तीव्र मतभेद झाले आणि १९०९ मध्ये त्याचे दोन स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाले. बहुमताचा अहवाल जुन्या व्यवस्थेत सुधारणा सुचविणारा होता. बीॲट्रिस वेब (१८५८–१९४३) यांच्या प्रेरणेने तयार झालेल्या अल्पमताच्या अहवालाने ती व्यवस्थाच मोडून आरोग्य, शिक्षण, बेकारी इत्यादींसाठी स्वतंत्र सार्वजनिक सेवा उभाराव्यात, अशी मागणी केली.

विद्यापीठात प्रवेश : चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने आपल्या कार्यकर्त्यांच्या शिक्षणासाठी १९०३ मध्ये एक विद्यालय काढले होते. ते १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत विलीन झाले आणि तेथे समाजविज्ञान व सामाजिक प्रशासन यांचा विभाग सुरू झाला. ही संस्था १८९५ मध्ये वेब दांपत्याच्या पुढाकाराने स्थापन झालेली होती. त्यामुळे शाही आयोगात परस्परविरोधी ठरलेल्या दोन विचारप्रवाहांना एकाच विभागात स्थान मिळाले. व्यक्तीला सुधारण्यासाठी कार्यकर्ते घडवावयाचे, की व्यक्तीला दारिद्र्यात लोटणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा करावयाची, हा प्रश्न या अध्ययनात अगदी आरंभापासून राहिला आहे.

या विभागाच्या उभारणीत मुंबईतील एका दात्याचा वाटा होता. उद्योगपती सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांनी दारिद्र्याची कारणे व ते टाळण्याचे मार्ग यांच्या संशोधनासाठी १९१२ मध्ये लंडन विद्यापीठाला दरसाल १,४०० पौंड देण्याची तयारी दर्शविली. या देणगीतून रतन टाटा प्रतिष्ठान स्थापन झाले आणि आर. एच. टॉनी (१८८०–१९६२) हे इतिहासकार व समाजचिंतक त्याचे पहिले संचालक झाले. दारिद्र्य हा औद्योगिक व्यवस्थेचा प्रश्न आहे, ही भूमिका त्यांनी १९१३ मधील आपल्या उद्‌घाटनपर व्याख्यानात मांडली. १९०९ च्या कायद्याने काही धंद्यांत किमान वेतन ठरविण्यासाठी मंडळे नेमली होती. त्यांचा साखळ्या बनविणाऱ्या व कपडे शिवणाऱ्या कामगारांवर काय परिणाम झाला, याचे टॉनींनी केलेले अभ्यास १९१४ व १९१५ साली प्रसिद्ध झाले. याच प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ए. एल. बॉवली व ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी काही इंग्लिश शहरांतील कामगार-कुटुंबांची पाहणी केली (१९१५). प्रत्येक घरी न जाता शास्त्रीय रीतीने निवडलेल्या थोड्या घरांवरून संपूर्ण शहराचा अंदाज बांधण्याची नमुना-पद्धती तीत वापरली होती. पुढे बर्नेट-हर्स्ट यांनी मुंबईतील कामगारांचे जीवन व घरे यांवरही ग्रंथ लिहिला (१९२५). मुंबईच्या देणगीतून इंग्लंडमध्ये विकसित झालेल्या अभ्यासपरंपरेतील एक संशोधक अशा प्रकारे मुंबईच्या चाळींपर्यंत पोहोचला. विभागाच्या आरंभीच्या अध्यापकांत क्लेमंट ॲटली (१८८३–१९६७) हेही होते. त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात (१९४५–५१) ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्याचे प्रमुख कायदे झाले.

युद्धोत्तर विकास : विल्यम बेव्हरिज (१८७९–१९६३) यांनी १९४२ मध्ये सादर केलेल्या अहवालात अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती व बेकारी हे समाजाच्या प्रगतीच्या मार्गातील पाच राक्षस असल्याचे म्हटले होते. त्यानंतर राष्ट्रीय विमा कायदा (१९४६), राष्ट्रीय साहाय्य कायदा (१९४८) व राष्ट्रीय आरोग्यसेवा (१९४८) यांमुळे सामाजिक सेवांचा पसारा वाढला. तो चालविण्यासाठी प्रशिक्षित अधिकारी हवे होते. टी. एच. मार्शल (१८९३–१९८१) यांनी या सेवांना तात्त्विक अधिष्ठान दिले. नागरिकत्वाच्या हक्कांत प्रथम नागरी, नंतर राजकीय व अखेरीस सामाजिक हक्कांचा समावेश होत गेला, असे त्यांनी १९४९ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत प्रतिपादन केले. या दृष्टीने पाहता आजारपणातील उपचार ही कोणाची कृपा नसून मताधिकारासारखाच एक अधिकार ठरतो.

या शाखेला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व देण्याचे श्रेय मुख्यतः रिचर्ड टिटमस (१९०७–७३) यांना दिले जाते. विद्यापीठाची पदवी नसलेले व अनेक वर्षे विमा कंपनीत नोकरी केलेले टिटमस १९५० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामाजिक प्रशासनाचे प्राध्यापक झाले. १९५५ मधील एका व्याख्यानात त्यांनी कल्याणाचे तीन प्रकार पाडले. शासनाने दिलेल्या प्रत्यक्ष सेवा हा त्यांतील एकच प्रकार होय. प्राप्तिकरातील सवलती व मालकांकडून मिळणारे निवृत्तिवेतन, निवासस्थान यांसारखे व्यावसायिक लाभ हे उरलेले दोन प्रकार असून त्यांचा फायदा प्रामुख्याने सुस्थितीतील वर्गाला होतो. गरिबाला मिळणारे धान्य हे साहाय्य मानले जाते. परंतु घरबांधणीच्या कर्जावर मिळणारी करसवलत मात्र त्या नावाने ओळखली जात नाही. राज्य केवळ गरिबांना पोसते, ही समजूत या विश्लेषणाने खोटी ठरविली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात रक्तदानाच्या ब्रिटिश व अमेरिकन व्यवस्थांची तुलना आहे. रक्ताची खरेदी-विक्री सुरू झाली की दात्याची परोपकारवृत्ती आणि रक्ताची सुरक्षितता या दोहोंचीही हानी होते, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले.

टिटमस यांचे सहकारी ब्रायन एबल-स्मिथ व पीटर टाउनसेंड यांनी १९६५ मध्ये आकडेवारीच्या आधारे असे दाखविले की, कल्याणकारी राज्याच्या स्थापनेनंतरही १९६० साली ब्रिटनमधील सु. १४ टक्के लोक राष्ट्रीय साहाय्याच्या मानाने गरीब ठरत होते. दारिद्र्य नाहीसे झाल्याचा समज त्यामुळे मागे पडला. १९७२ मध्ये सामाजिक धोरणाला वाहिलेले स्वतंत्र विद्वत्पत्र ब्रिटनमध्ये निघाले व पुढे ‘सामाजिक प्रशासन’ या जुन्या नावाऐवजी ‘सामाजिक धोरण’ हे नाव अधिकाधिक रूढ झाले.

सत्तरीच्या दशकापासून या परंपरेवर टीकाही झाली. कल्याणकारी सेवा भांडवली व्यवस्था टिकविण्याचेच काम करतात, असे मार्क्सवादी अभ्यासकांनी म्हटले. पुरुष कमावणार व स्त्री विनावेतन घर सांभाळणार, हे गृहीत धरूनच सामाजिक विम्याची रचना झाली आहे, हे स्त्रीवादी अभ्यासकांनी निदर्शनास आणले. शासनाच्या सेवा खर्चिक असून त्या परावलंबन वाढवितात, असा आक्षेप बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांनी घेतला. डॅनिश समाजशास्त्रज्ञ यस्टा एस्पिंग-आनर्सन यांनी १९९० साली भांडवलशाही देशांतील कल्याणव्यवस्थांचे उदारमतवादी, परंपरानिष्ठ व सामाजिक लोकशाहीवादी असे वर्गीकरण केले. तेव्हापासून तौलनिक अध्ययनाला विशेष चालना मिळाली.

मध्यवर्ती संकल्पना : ‘गरज’ ही या शाखेची पायाभूत संकल्पना होय. जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये तिचे चार प्रकार सांगितले : तज्ज्ञांनी ठरविलेली, व्यक्तीला स्वतःला जाणवणारी, मागणीच्या रूपाने व्यक्त झालेली आणि इतरांच्या तुलनेतून दिसणारी. हे भेद व्यवहारात महत्त्वाचे ठरतात. एखाद्या रुग्णालयाच्या नोंदवहीवरून व्यक्त झालेली गरज तेवढी समजते. रोजंदारी बुडेल म्हणून दवाखान्यात न आलेल्या स्त्रीचा आजार त्या नोंदवहीत येत नाही. कमी नोंदी झालेल्या भागात गरजच कमी आहे, असे मानून तेथील तरतूद घटविल्यास ज्यांना सेवेची सर्वाधिक निकड आहे, तेच तिच्यापासून दूर राहतात.

दारिद्र्याच्या व्याख्येबाबतही असाच वाद आहे. जगण्यास आवश्यक असलेल्या किमान वस्तूंवर आधारलेली व्याख्या ही निरपेक्ष, तर समाजात सामान्य मानल्या गेलेल्या राहणीपासून वंचित राहण्यावर आधारलेली व्याख्या ही सापेक्ष होय. टाउनसेंड यांनी १९७९ मधील ग्रंथात दुसऱ्या व्याख्येचा पुरस्कार केला. १९७१ ते १९७७ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन केलेले अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी उत्पन्नाऐवजी माणूस प्रत्यक्षात काय करू व होऊ शकतो, या क्षमतेवर भर देऊन या वादाला वेगळी दिशा दिली.

लाभ सर्वांना द्यावा की केवळ गरजूंना, हा या शाखेतील सर्वांत जुना वाद होय. निवडक लाभाच्या योजनेत मर्यादित निधी अत्यंत गरजूंपर्यंत पोहोचविता येतो, असा युक्तिवाद केला जातो. तथापि त्यासाठी गरजूंची ओळख पटवावी लागते आणि तीत दोन प्रकारच्या चुका संभवतात : अपात्र व्यक्तीचा समावेश व पात्र व्यक्तीची वगळणूक. पहिल्या चुकीत शासनाचा पैसा वाया जातो, तर दुसरीत एखाद्या घरातील चूल पेटत नाही. भारतात १९९७ साली स्वस्त धान्य वितरणव्यवस्थेत दारिद्र्यरेषेखालील व दारिद्र्यरेषेवरील असे कुटुंबांचे भेद करण्यात आले, तेव्हा ही अडचण स्पष्टपणे पुढे आली. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या उत्पन्नाची कोठेही नोंद नसते, तेथे उत्पन्नाचा दाखला हा अनेकदा उत्पन्नापेक्षा ओळखीचाच पुरावा ठरतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना सवलतीच्या धान्याच्या कक्षेत आणले. वगळणुकीची चूक कमी करणे, हे व्याप्ती वाढविण्याच्या बाजूने मांडले गेलेले एक प्रमुख कारण होते.

अंमलबजावणीचा अभ्यास हा या शाखेचा आणखी एक महत्त्वाचा भाग आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये असे दाखवून दिले की, शिक्षक, पोलीस व कल्याण कार्यालयांतील कर्मचारी यांचे रोजचे निर्णय हेच नागरिकाच्या दृष्टीने खरे धोरण असते. वेळ व साधने अपुरी असल्यामुळे हे कर्मचारी कोणाकडे आधी लक्ष द्यावयाचे व कोणाला परत पाठवावयाचे, हे स्वतःच्या अंदाजाने ठरवितात. कागदपत्रांसाठी घालावे लागणारे खेटे, बुडालेली मजुरी व अपमानाची भीती या गोष्टी योजनेच्या खर्चात दिसत नाहीत. मात्र लाभार्थीला त्यांची किंमत मोजावी लागते.

अभ्यासक्रम व पद्धती : पदवी अभ्यासक्रमात सामान्यतः कल्याणकारी राज्याचा इतिहास, सामाजिक न्यायाचे सिद्धांत, सार्वजनिक अर्थव्यवहार, विविध देशांच्या व्यवस्थांची तुलना आणि सामाजिक संशोधनपद्धती यांचा अंतर्भाव असतो. त्यांना जोडून आरोग्य, शिक्षण, गृहनिर्माण, सामाजिक सुरक्षा, गुन्हेगारी, स्थलांतर यांसारख्या विशेष विषयांतून निवड करता येते. संशोधनात शासकीय सांख्यिकी, नमुना-पाहणी, मुलाखत व प्रत्यक्ष निरीक्षण या पद्धतींचा वापर होतो. करांत किंवा लाभांत बदल केल्यास निरनिराळ्या कुटुंबांवर काय परिणाम होईल, याचा अंदाज संगणकीय प्रतिमानांद्वारे घेता येतो. काही गावांत योजना राबवून व तशाच इतर गावांत ती न राबविता परिणामांची तुलना करण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आले आहे. दारिद्र्य-निवारणाच्या संशोधनात ती रुजविल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्यूफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ चा अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार देण्यात आला. अशा प्रयोगातून परिणाम झाला की नाही, हे कळते. परंतु तो का झाला आणि अन्यत्र होईल काय, हे समजण्यासाठी इतर पद्धतींची जोड द्यावी लागते. पदवीधरांना शासकीय सेवा, स्थानिक स्वराज्य संस्था, स्वयंसेवी संघटना, संशोधनसंस्था व वृत्तपत्रव्यवसाय या क्षेत्रांत वाव असतो.

भारतातील अध्ययन : भारतात सामाजिक धोरणाचे प्रश्न विद्यापीठांच्या आधी सार्वजनिक चळवळींत मांडले गेले. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली आणि शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधले. कर कोण देतो व लाभ कोणाला होतो, हा या ज्ञानशाखेचा प्रश्न त्यात स्पष्टपणे आलेला दिसतो. छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कोल्हापूर संस्थानात १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. भारतीय संविधानाच्या (१९५०) मार्गदर्शक तत्त्वांत काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार इ. प्रसंगी सार्वजनिक साहाय्य यांसंबंधीच्या तरतुदी आहेत. परंतु त्या राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आणावयाच्या आहेत.

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. नागपाडा येथे वस्तीकेंद्र चालविणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक होत. १९४४ मध्ये या विद्यालयाचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था असे झाले व १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक केले. त्यामुळे अशा शिक्षणाला व्यावसायिक मागणी आली. बहुतेक भारतीय विद्यापीठांत मात्र सामाजिक धोरणाचा स्वतंत्र विभाग नसून समाजकार्य, अर्थशास्त्र, लोकप्रशासन किंवा विकास-अध्ययन यांच्या अभ्यासक्रमांतच हा विषय शिकविला जातो.

पुणे येथील गोखले अर्थशास्त्र संस्थेत (स्थापना १९३०) झालेले संशोधन या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वि. म. दांडेकर (१९२०–९५) व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई रोज २,२५० उष्मांक देणारा आहार हा निकष धरून १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक दरिद्री होते, असा निष्कर्ष काढला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक कामांची व्यापक योजना सुचविली.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे धोरण व अध्ययन यांच्या परस्परसंबंधांचे उत्तम उदाहरण होय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात राज्यात मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढण्यात आली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेत लाभार्थीची उत्पन्नचाचणी नाही; ज्याला निकड आहे, तोच अंगमेहनतीच्या कामाला येईल, या तत्त्वावर निवड आपोआप होते. अभ्यासकांनी या तत्त्वाची ताकद मान्य केली. तसेच त्याच्या उणिवाही दाखविल्या. वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया यांना कष्टाच्या कामाची हमी पुरेशी ठरत नाही; काम दूर असल्यास किंवा मजुरी वेळेवर न मिळाल्यास हक्क कागदावरच राहतो. महाराष्ट्रातील हा अनुभव २००५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाला उपयोगी पडला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस काम देण्याची तरतूद होती.

अध्ययनापुढील प्रश्न : सामाजिक धोरणाच्या अभ्यासात तथ्ये व मूल्ये यांची पूर्णपणे फारकत करता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ सुरेश तेंडुलकर (१९३९–२०११) यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००९ साली दारिद्र्यरेषा ठरविण्याची पद्धत बदलली. तीनुसार २००४-०५ मधील भारतातील दरिद्री लोकांचे प्रमाण ३७.२ टक्के आले. पूर्वीच्या पद्धतीने ते २७.५ टक्के होते. लोकांच्या स्थितीत काहीही फरक न पडता, केवळ मोजण्याची रीत बदलल्यामुळे कोट्यवधी माणसे रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. किमान राहणीमानात कोणत्या गोष्टी धरावयाच्या, हा प्रश्न केवळ आकडेमोडीने सुटणारा नाही. त्यामुळे अभ्यासकाने आपली मूल्ये उघडपणे सांगून निष्कर्ष मात्र पुराव्याच्या आधारेच काढले पाहिजेत, असा आग्रह टिटमस यांच्यापासून धरला गेला आहे.

दुसरा प्रश्न स्वायत्ततेचा आहे. संशोधनाचा निधी, आकडेवारी व विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या यांसाठी ही शाखा बऱ्याच अंशी शासनावर अवलंबून असते आणि शासनाच्याच कार्याची परीक्षा तिला करावयाची असते. केवळ प्रशासकांच्या प्रशिक्षणापुरती ती मर्यादित राहिल्यास नियम कसे राबवावेत, एवढेच शिकविले जाईल; नियम योग्य आहेत काय, असे विचारणारे कोणी उरणार नाही. उलट, प्रशासनाच्या व्यवहाराशी संबंध तुटल्यास तिची टीका निष्फळ ठरण्याचा धोका असतो. तिसरा प्रश्न भाषेचा आहे. या विषयाचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत असून ज्यांच्याविषयी ते लिहिले जातात, त्यांना ते वाचता येत नाहीत. योजनेचा अर्ज भरणाऱ्याला आपला अर्ज का नाकारला गेला हे स्वतःच्या भाषेत समजणे व त्याबद्दल जाब विचारता येणे, हा सामाजिक हक्काचाच एक भाग आहे. म्हणून या विषयाचे अध्यापन व लेखन भारतीय भाषांतून होणे हे केवळ शैक्षणिक सोयीचे नव्हे, तर त्या विषयाच्या मूळ हेतूशी सुसंगत असे कार्य आहे.